कडी कोणत्या बाजूला?

जुन्या वाड्यांतून बाळंतिणीची म्हणून एक खोली असे. अंधारी, उबदार, ओव्या-शेपाच्या धुरीने भरलेली. बाळंतिणीच्या कानांना फडके बांधलेले असायचे आणि दारावरून जाणारी माणसेही आवाज खाली करून बोलत. तिला कुणी नाजूक म्हणून हिणवीत नसे. दुपारी आजोबा निजले म्हणजे सारे घर चवड्यांवर चाले. आणि त्याहून मागे जायचे तर कैकेयीचे कोपभवन आहेच! राजवाड्यात रुसायला म्हणून एक स्वतंत्र दालन असावे, ही कल्पना मला लहानपणापासून फार आवडत आली आहे. राणी आपल्या पायांनी तिथे गेली, आणि राजाच तिच्यापाशी आत गेला. पुढे जे घडले त्याचा दोष काही दालनाला देता यायचा नाही.

हे सारे आठवायचे कारण म्हणजे अलीकडे काही शाळांतून दिसू लागलेली एक नव्या तऱ्हेची खोली. तिला 'सेन्सरी रूम' म्हणतात. आपण संवेदन-कक्ष म्हणू. १९७० नंतरच्या दशकात नेदरलँड्समधील एडे या गावी बौद्धिक अपंगत्व असलेल्यांची एक संस्था होती. तिथे यान हुल्सेखे आणि आद फेरहुल या दोघांनी ही कल्पना वाढवली. हुंगणे आणि डुलकी घेणे अशा अर्थाचे दोन डच शब्द जोडून त्यांनी तिला 'स्नूझेलन' असे नाव दिले. नाव ऐकूनच डोळे जड व्हावेत! आत मंद रंगीत दिवे, उभ्या नळीतल्या पाण्यातून वर चढणारे बुडबुडे, मऊ गाद्या, झोपाळा, अंगाला दाब देणारी जड गोधडी. पुढे ही खोली शाळांतून आली, विशेषतः ऑटिझम असलेल्या मुलांसाठी.

ऑटिझमला आपण स्वमग्नता म्हणतो. या शब्दाशी माझे जुने भांडण आहे. मग्न झालेला माणूस सुखात असतो. ही मुले पुष्कळदा आत बुडालेली नसतातच. बाहेरचे सारे त्यांच्या आत घुसत असते. पंख्याची खरखर, ट्यूबलाइटची गुणगुण, शेजारच्या डब्यातल्या लोणच्याचा वास, सदऱ्याच्या मानेशी टोचणारी चिठ्ठी. आपले मन यातले बहुतेक सारे दाराबाहेरच थांबवते. त्यांच्या दाराशी तो दारवान नाही. काहींचे अगदी उलट असते, झोका कितीही घेतला तरी त्यांना पुरत नाही. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-ग्रंथाने २०१३ साली ही गोष्ट लक्षणांत धरली. आयांना ती फार आधीपासून ठाऊक होती.

मी बालवाडीत शिकवते. तेव्हा अशी एक खोली मुद्दाम पाहून आले. शाळेचे नाव सांगत नाही. खोली सुरेख होती. देणगीदारांची पाटी तेवढी दिव्यांहून मोठी होती. मुख्याध्यापक कौतुकाने म्हणाले, "बाई, मूल ओरडू लागले की आम्ही त्याला इथे आणून बसवतो. वर्ग कसा शांत राहतो!" मी दाराकडे पाहिले. कडी बाहेरून होती.

शांत कोण झाले? मूल की वर्ग? त्याच गाद्या, तेच दिवे, तेच बुडबुडे. पण मूल आपण होऊन आले तर ते माहेर, आणि दंडाला धरून आणले तर ती कोठडी. दुसऱ्या एका ठिकाणी याहून सौम्य दिसणारी रीत ऐकली. गणिते पुरी केलीस तर खोलीत जायला मिळेल! बाळंतिणीला आधी भांडी घासून मग निजायला जा म्हणावे, त्यातलाच हा प्रकार.

लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञाने १९४३ साली ११ मुलांविषयी लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. झाडलोटीच्या विजेच्या यंत्राला, पाळण्यासारख्या वर जाणाऱ्या लिफ्टला ही मुले घाबरत, असे त्यात आहे. पण त्याने आणखी एक गोष्ट टिपली. तेवढाच मोठा आवाज मूल स्वतः मजेत करू शकते. भय असते ते न विचारता अंगावर आलेल्या आवाजाचे. कार्डिफ विद्यापीठातल्या संशोधकांनी ४१ मुलांना अशा खोलीत नेऊन पाहिले आणि २०२१ साली निष्कर्ष मांडले. दिवे आणि आवाज बदलणे मुलांच्या हाती असले तेव्हा त्यांचे लक्ष अधिक लागले, एकच हालचाल पुन्हापुन्हा करणे कमी झाले. खोली तीच, यंत्रे तीच. बटण तेवढे मुलाच्या हातात.

"जग काही त्यांच्यासाठी गप्प बसायचे नाही, मुलांना सवयच लावायला हवी," असे सांगणारे गृहस्थ भेटतातच. रात्री दहानंतर लाउडस्पीकर वाजला की पोलिसांना पहिला फोन यांचाच असतो! सवय लागते, नाही असे नाही. पण विहिरीत पोहायला शिकवतानाही पाठीला भोपळा बांधतात. तो कधी सोडायचा हे शिकणाऱ्याकडे पाहून ठरते.

मला खरी धास्ती वेगळीच वाटते. एक खोली शांत केली की उरलेली शाळा हवी तशी गोंगाटी ठेवायला आपण मोकळे. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा शाळेने त्या त्या मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करावी असे सांगतो. सोय म्हणजे एक खोली बांधणे एवढेच त्यात कुठे आहे? माझ्या हाती पैसे दिले तर बुडबुड्यांच्या नळीआधी मी गुणगुणणाऱ्या ट्यूबलाइटा बदलीन, खरखरणारे पंखे दुरुस्त करवीन, आणि घंटेचा कर्णा वर्गाच्या दारावरून हलवीन. उद्घाटनाला मात्र मग काही उरायचे नाही.

आमच्या चाळीत असा एक मुलगा आहे. गेल्या चार वर्षांपासून वसुबारसेला त्याची आई घरोघर जाऊन चाळीतल्या पोरांना एवढेच विचारते, "बाळांनो, फटाके किती वाजता लावणार?" फटाके लावू नका असे ती म्हणत नाही. पोरे जिन्यापाशी खडूने वेळ लिहितात, आणि आश्चर्य म्हणजे पाळतातही. मुलगा कानात कापूस घालून घड्याळासमोर बसतो. गेल्या लक्ष्मीपूजनाला आठाला पाच मिनिटे असताना तो आपण होऊन गॅलरीत आला आणि खाली वाकून ओरडला, "अजून पाच मिनिटं आहेत!" खालची पोरे उदबत्त्या हातात धरून थांबली होती.