तिसऱ्या दिवसानंतर

प्राचीन इस्राएलात लेवी वंशातला एक माणूस आपल्या उपपत्नीला घेऊन घरी निघाला होता. वाटेत बन्यामीन वंशाच्या गिबा गावात त्यांनी मुक्काम केला. रात्री गावगुंडांनी ते उतरलेल्या घराला वेढा दिला. तेव्हा लेवीने तिलाच धरून बाहेर ढकललं. सकाळी दार उघडलं तर ती उंबरठ्यावर हात टाकून पडली होती. "ऊठ, निघू," तो म्हणाला. उत्तर आलं नाही.

या प्रकारावरून मिस्पाला बन्यामीन सोडून इस्राएलचे सगळे वंश जमले. लेवीने झालेलं सांगितलं. स्वतः ढकलल्याचं तेवढं गाळलं. लोकांनी गिबाचे गुन्हेगार मागितले. बन्यामिनांनी आपली माणसं द्यायला नकार दिला आणि भावाभावांत युद्ध पेटलं.

इकडे 4,00,000, तिकडे जेमतेम 26,700. इस्राएलांनी देवाला एवढंच विचारलं, "आधी कोणी जावं?" त्या दिवशी त्यांचे 22,000 पडले. ते संध्याकाळपर्यंत रडले. मग विचारलं, "भावाशी पुन्हा लढावं का?" जा, असं उत्तर आलं. ते गेले आणि आणखी 18,000 पडले. आता सगळे बेथेलला बसले, उपास केला. या वेळी प्रश्न निराळा होता: "जावं, की थांबावं?" उत्तर आलं, "जा, उद्या."

त्यांनी गिबाभोवती माणसं दडवली आणि पळाल्याचं सोंग केलं. बन्यामीन पाठलागावर निघाले. मागे वळून बघतात तो गावातून धूर वर चढत होता. शेवटी सहाशे पुरुष रिम्मोनच्या खडकात जाऊन लपले. विजेत्यांनी मात्र हात आवरला नाही. गावं जाळली, माणसं मारली, गुरंसुद्धा सोडली नाहीत.

मग बेथेलला पुन्हा रडारड झाली. इस्राएलच्या बारा वंशांतला एक संपत आला होता. त्या सहाशे जणांना बायका हव्या होत्या. पण बन्यामिनांना मुली द्यायच्या नाहीत, अशी शपथ मिस्पाला सर्वांनी घेतली होती.

दोनदा मार खाऊन तिसऱ्यांदा उभं राहण्याला चिकाटी म्हणावंच लागेल. पण थांबण्याचा विचार ज्यांना चाळीस हजार माणसं पडल्यावर सुचला, त्यांना जिंकल्यावर तो पुन्हा सुचला नाही. शपथही त्यांनी तितक्याच चिकाटीने धरून ठेवली.

याबेश-गिलादचं कोणी मिस्पाला आलं नव्हतं. तेवढ्यावरून ते गाव कापून काढलं आणि चारशे कुमारिका आणल्या. दोनशे कमी पडल्या. शिलोच्या सणाला मुली नाचायला बाहेर पडतील तेव्हा द्राक्षमळ्यांत दबा धरा, असं वडीलधाऱ्यांनीच बन्यामिनांना शिकवलं. मुलींचे बाप-भाऊ तक्रार घेऊन आले तर काय सांगायचं, तेही ठरलेलं होतं: मुली तुम्ही दिल्या नाहीत, तेव्हा तुमची शपथ मोडली नाही.