या कुशीवरून त्या कुशीवर

खुब्याचं दुखणं घेऊन आलेल्या माणसाला दवाखान्यात आधी विचारलं जातं ते चालण्याबद्दल. किती अंतर चालता, जिना चढता का, मांडी घालून बसता येतं का. सोबत आलेली बायको किंवा सून मधेच बोलते ती मात्र रात्रीबद्दल: ‘डोळ्याला डोळा नाही हो. या कुशीवरून त्या कुशीवर, नुसती तळमळ.’ डॉक्टर मान हलवतात, एक्स-रे उजेडाकडे धरतात आणि बोलणं पुन्हा चालण्याकडे वळतं. त्या मधल्या वाक्यात आजाराचं निम्मं वर्णन होऊन गेलेलं असतं. केसपेपरवर ते बहुधा उतरत नाही.

नाशिक जिल्ह्यात खुब्याच्या ऑपरेशनची तारीख डॉक्टरच्या डायरीआधी शेताच्या हिशेबात ठरते. निफाड, चांदवड, कळवणकडे डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड चालते. रोपं लावायची म्हणजे दिवसभर वाफ्यात कमरेतून वाकायचं, नाहीतर उकिडवं बसायचं. मग द्राक्षांची तोड, मग कांद्याची काढणी. ‘कांदे निघाले की बघू’ म्हणता म्हणता पाऊस येतो. पावसात जखम चिघळेल म्हणून दिवाळी गाठली जाते आणि दिवाळी सरते तोवर नवं रोप लावायला आलेलं असतं. त्याच महिन्यांत निफाडचा पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो. दिवसा उन्हात अंग मोकळं होतं, कामाच्या नादात दुखणं मागे पडतं. रात्री गोधडीत शिरलं की खुबा आखडतो आणि कूस बदलायची वेळ आली की कळ येते.

मराठीत याला अंगावर काढणं म्हणतात. या शब्दात थोडं कौतुकही मिसळलेलं आहे. सोसणाऱ्या बाईला घर मान देतं, ‘कधी हूं की चूं केलं नाही’ असं तिच्याबद्दल अभिमानाने सांगतं. खुब्याच्या बाबतीत हे कौतुक महागात पडतं. पाय जपून टाकता टाकता मांडीचे आणि कुल्ल्याचे स्नायू वाळत जातात, सांधा आखडत जातो आणि झोप मोडत जाते. झोप मोडली की दुखणं आणखी मोठं वाटतं. निरोगी माणसांना मुद्दाम जागं ठेवून केलेल्या प्रयोगांतही वेदना सोसण्याची ताकद घटलेली दिसली आहे. म्हणजे रात्रीच्या जागरणाने सकाळचा खुबा जास्त दुखतो आणि त्या दुखण्याने पुढची रात्र जाते.

रात्रच का? दिवसा लक्ष दहा ठिकाणी वाटलेलं असतं, हे एक कारण. दुसरं शरीरातच आहे. सूज आवरून धरणारं कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात कमी असतं. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा तुटलेला असेल, तर हाडाच्या आतला दाब वाढतो आणि पडल्या पडल्याही ठणका लागतो. टीबीच्या खुब्याचं जुन्या ऑर्थोपेडिक पुस्तकांतलं वर्णन तर अंगावर काटा आणणारं आहे. जागेपणी आजूबाजूचे स्नायू घट्ट आवळून सांध्याला धरून ठेवतात. झोप लागली की ते सैल पडतात, सुजलेले पृष्ठभाग एकमेकांवर घासतात आणि मूल किंचाळून उठतं. डॉक्टरांनी त्या लक्षणाला ‘रात्रीचं रडणं’ असंच नाव दिलं होतं.

खुबा बदलण्याची आजची शस्त्रक्रिया ज्या इमारतीत घडली, तीही मुळात टीबीचीच. इंग्लंडमधल्या लँकशर परगण्यातलं राइटिंग्टन हे १९३३ साली उघडलेलं क्षयरोगाचं रुग्णालय. औषधं निघाली, खाटा रिकाम्या होऊ लागल्या आणि तिथे जॉन चार्नली यांनी खुब्याचं केंद्र उभं केलं. त्यांच्याकडे आलेल्या एका रुग्णाच्या खुब्यात फ्रान्सच्या ज्युदे बंधूंच्या पद्धतीचा अ‍ॅक्रिलिकचा गोळा होता. तो गोळा इतका करकरत असे, की माणूस जेवणाच्या टेबलावर पुढे वाकला की बायको खोलीबाहेर जाई. त्या करकरीतून चार्नली घर्षणाच्या अभ्यासाला लागले. आधी त्यांनी वाटीसाठी टेफ्लॉन वापरलं. सुमारे ३०० रुग्णांचं दुखणं जादू झाल्यासारखं थांबलं आणि दोन-तीन वर्षांत परत आलं, कारण टेफ्लॉन झिजत होतं आणि त्याचा चुरा आजूबाजूच्या मांसात भिनत होता. तो चुरा काय करतो हे पाहायला चार्नलींनी तो स्वतःच्या मांडीत टोचून घेतला. १९६२ मध्ये एक विक्रेता यंत्रमागांच्या दातेरी चाकांसाठी वापरलं जाणारं दाट पॉलिथिलीन घेऊन आला. चार्नलींनी त्यात अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं आणि ते नाकारलं. प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र तुकडा घासणीच्या यंत्रावर चढवलाच. दिवसांमागून दिवस गेले, तो झिजेना. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पहिली वाटी बसली. २००७ साली ‘लॅन्सेट’ने याच शस्त्रक्रियेला शतकातली शस्त्रक्रिया म्हटलं.

सांधा बदलला, पण त्याचं मोजमाप बराच काळ डॉक्टरच्या नजरेतूनच होत राहिलं. १९६९ साली विल्यम हॅरिस यांनी तयार केलेली गुणपत्रिका आजही जगभर वापरली जाते. तिच्या १०० गुणांपैकी ४४ वेदनेचे आहेत, ही गोष्ट चांगलीच. मात्र अंथरुणातल्या वेदनेचा उल्लेख तिथे अगदी तळाशी येतो, जिथे माणूस पूर्ण अपंग होऊन खाटेला खिळलेला मानला जातो. १९९६ मध्ये ऑक्सफर्डला रुग्णांशी बोलून, त्यांच्या तक्रारींवरून बारा प्रश्नांची यादी केली गेली. त्या बारांत एक प्रश्न सरळ रात्रीचा आहे: अंथरुणात पडल्यावर खुब्याचा त्रास होतो का? रुग्णांना विचारल्याबरोबर रात्र वर आली. नाशिकच्या दवाखान्यात सून जे मधेच बोलते, ते ऑक्सफर्डच्या रुग्णांनीही सांगितलं होतं.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकमध्येच आहे आणि राज्यभरातले डॉक्टर त्याच्या परीक्षा देऊन बाहेर पडतात. त्यांना रात्रीची वेदना शिकवली जाते ती धोक्याची खूण म्हणून: हाडाचा कर्करोग, टीबी, जंतुसंसर्ग यांची शंका घ्या. ते योग्यच आहे. त्याला जोडून आणखी एक गोष्ट शिकवायला हवी. कर्करोग नाही, टीबी नाही, हे ठरल्यावरही रुग्णाची रात्र तशीच उरलेली असते आणि तिच्यावरही उपाय लिहून द्यायचा असतो.

उपाय लिहून दिला नाही तर माणूस तो स्वतः शोधतो. मेडिकलमधून डायक्लोफेनॅकची पाकिटं येतात आणि महिनोन्महिने चालतात. पोट आणि मूत्रपिंडं त्याची किंमत मोजतात. गुडघ्यावरच मलम चोळलं जातं, कारण खुब्याचं दुखणं जांघेतून मांडीवर आणि पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं. दोन्ही सांध्यांना एकाच नसांचे फाटे जातात. सगळ्यात वाईट म्हणजे कुणीतरी सांगितलेल्या पुड्या. आठ दिवसांत खडखडीत आराम पडला तर पुडीत स्टेरॉइड मिसळल्याचा संशय घ्यावा. स्टेरॉइडच्या जास्त मात्रेने खुब्याचं हाड आतून मरू शकतं. भारतात तरुण वयात खुबा बदलावा लागण्यामागे हे हाड मरणं एक मोठं कारण आहे. दारू, सिकलसेल आणि जुना मार ही त्याची इतर कारणं. कोविडनंतर मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये अशा तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा हा विषय घरोघरी पोचला.

दुखणं किती, हे शून्य ते दहामध्ये सांगा म्हटलं की शेतातून आलेली आजी गोंधळते. दुखणं कसं, विचारलं की तिच्याकडे शब्दांचा साठा असतो. ठणका वेगळा, कळ वेगळी, चमक वेगळी. रग लागते ती स्नायूंची. आग आणि मुंग्या आल्या तर कमरेतून येणाऱ्या नसेकडे पाहावं लागतं. मॉन्ट्रियलच्या रोनाल्ड मेल्झॅक यांनी रुग्णांच्या तोंडचे असेच शब्द गोळा करून १९७५ साली वेदनेची प्रश्नावली केली. मराठीतले हे शब्द तितकेच नेमके आहेत. ऑपरेशननंतर तर त्यांना जास्तच मोल येतं. जखमेची हुळहुळ रोज थोडी कमी होत जाते. एकाएकी जीवघेणी कळ येऊन पाय आखूड आणि वळलेला दिसला, तर सांधा निखळलेला असू शकतो. पोटरी एका जागी दुखून टणक झाली, तर शिरेत रक्ताची गाठ असू शकते. थंडी वाजून ताप आणि नव्याने ठणका, तर जंतुसंसर्ग.

पोटरीचं हे लक्षण आपल्या घरांत ओळखणं फार गरजेचं आहे. दुखणाऱ्या माणसाचे पाय चेपून देणं ही आपली माया दाखवण्याची रीत. नातू शाळेतून येतो, दप्तर टाकतो आणि आजीच्या पायाशी बसतो. सुजलेल्या, दुखऱ्या पोटरीत गाठ असेल आणि ती चेपण्याने सुटली, तर फुफ्फुसात जाऊन अडकू शकते. अशा वेळी हात आवरायचा आणि डॉक्टरला फोन करायचा. नातवाला आजीच्या उशाशी बसून गोष्ट वाचायला सांगावं, तीही सेवाच.

ऑपरेशनच्या दिवशी पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात, कुठे खुब्याजवळच्या नसाही बधिर करतात. दुपारी भेटायला आलेल्यांना रुग्ण हसत सांगतो, काहीच दुखत नाही. बधिरपणा उतरतो तो संध्याकाळनंतर किंवा रात्री, पाहुणे गेल्यावर. म्हणून पहिल्या रात्रीच्या गोळ्या दुखणं वाढायची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे द्यायच्या असतात. पॅरासिटामॉल ठरलेल्या अंतराने, मूत्रपिंड चांगलं असेल तर सूज कमी करणारं औषध, आणि गरजेपुरतं थोडं अफूच्या जातीचं. डेन्मार्कचे हेन्रिक केहलेट यांनी अशी वेगवेगळी औषधं थोडी थोडी एकत्र देऊन रुग्णाला लवकर उभं करण्याची पद्धत रुजवली.

अफूच्या जातीच्या औषधाचं नाव निघालं की घरचे दचकतात. सवय लागेल, ही भीती एकट्या घरच्यांची नव्हती. नीमच-मंदसौरच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकते, तरी १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानंतर देशातली रुग्णालयं मॉर्फिन ठेवायलाच घाबरू लागली. २०१४ च्या दुरुस्तीने ती अडचण बरीच कमी झाली. सर्जनने मोजून दिलेल्या चार दिवसांच्या मात्रेला नाही म्हणू नये. बद्धकोष्ठ होतो, तो इसबगोलने आणि भरपूर पाण्याने सांभाळावा. महिनाभरानंतरही तीच गोळी लागत असेल, तर मात्र विचारायला जावं.

दुसऱ्या-तिसऱ्या रात्री काही घरांवर वेगळंच संकट येतं. सत्तरीचे शांत स्वभावाचे गृहस्थ सलाइन ओढू लागतात, भिंतीवर माणसं दिसतात म्हणतात, मुलाला ओळखत नाहीत. कुणी बाहेरची बाधा म्हणतं, कुणी डोक्यावर परिणाम झाला म्हणून रडतं. हा ऑपरेशननंतरचा तात्पुरता भ्रम असतो. मोडलेली झोप, न शमलेली वेदना, औषधं, तुंबलेली लघवी अशा गोष्टी त्याला वाढवतात. झोपेची गोळी दिली तर पुष्कळदा तो वाढतोच. अमेरिकेत शॅरन इनोये यांनी १९९९ साली दाखवून दिलं, की वृद्ध रुग्णांना चष्मा आणि कानाचं यंत्र परत देणं, दिवसा उठवून बसवणं, पाणी पाजणं, रात्री दिवे आणि आवाज कमी करणं एवढ्यानेही भ्रमाचं प्रमाण घटतं. हे करायला महागडं यंत्र लागत नाही. खाटेशेजारी चटई टाकून बसलेल्या मुलीला हे आधी सांगून ठेवावं लागतं, इतकंच.

घरची तयारी ऑपरेशनच्या आधीची. जुन्या नाशकातल्या वाड्यांचे लाकडी जिने उभे असतात, दोराला धरून चढायचे. तिथे काही आठवडे अंथरूण खालच्या मजल्यावर आणावं. जमिनीवरची गादी बंद. पलंग बुटका असेल तर सुताराकडून पायांखाली खाचेचे ठोकळे बसवून घ्यावेत, म्हणजे बसल्यावर गुडघा खुब्याच्या वर जात नाही. सांधा पाठीमागच्या बाजूने उघडला असेल तर काही आठवडे जास्त वाकणं, पायावर पाय टाकणं आणि पाय आत वळवणं टाळायला सांगतात. जागेपणी हे लक्षात राहतं, झोपेत राहत नाही. म्हणून दोन्ही पायांच्या मध्ये उशी. मऊ, कापूस पिंजलेली उशी निसटते. जरा कडक, मांडीपासून घोट्यापर्यंत पोचणारी हवी. सुरुवातीला उताणं झोपावं लागतं आणि जन्मभर कुशीवर झोपलेल्या माणसाला हीच शिक्षा वाटते. सर्जनने परवानगी दिल्यावर चांगल्या कुशीवर, पायांत तीच उशी धरून, वळता येतं. वळताना खांदा, कंबर आणि पाय एकदम वळवायचे, कुणीतरी पाठीशी हात लावायचा.

रात्री लघवीला उठणं हा दिवसभराच्या चालण्यापेक्षा अवघड प्रवास. कमोडची खुर्ची पलंगाशेजारी, वॉकर हाताशी, छोटा दिवा चालू, चादरीचं टोक जमिनीवर लोळत नाही ना हे पाहून ठेवलेलं.

आणि उशाशी एक दहा रुपयांची वही. टाके काढायला जाताना एक्स-रेच्या पाकिटात तीही न्यावी. नोंदी लहानच असतात: साडेदहाला गोळी, अकराला झोप. तीनला जाग, लघवी. वळताना जांघेत चमक, लगेच थांबली. पोटरी मऊ. चारला पुन्हा डोळा लागला, साडेसहापर्यंत.