दोन प्रदक्षिणांची बेरीज

एकाच्या हितांतून दुसऱ्याचें अहित वजा करतां येतें काय, हा नीतिशास्त्रांतला जुनाच प्रश्न. बेंथॅमच्या अनुयायांनीं ही वजाबाकी बिनदिक्कत केली. आम्हांस या प्रश्नीं अनपेक्षित साह्य मिळालें तें संस्थितिविज्ञान या गणितशाखेकडून. या शास्त्रास लांबीरुंदीशीं कर्तव्य नाहीं. न तोडतां, नुसतें ओढूनताणून जें नाहींसें करतां येतें तें गौण; त्यानंतरही जें उरतें तेंच खरें.

टेकडीच्या गणपतीस एक गृहस्थ प्रदक्षिणा घालीत आहेत असें समजा. देवळामागें एक दिवा आहे. त्या दिव्यासमोरून ते कितीदां गेले? वाटेंत कोणी ओळखीचें दिसलें म्हणून ते चार पावलें मागें फिरले, तर तीन खेपा होतील: दोन पुढच्या, एक मागची. पैकीं मागची व तिच्या जोडीची पुढची या खेपा, वाट सरळ करीत गेल्यास, एकमेकींत विरून जातात. उरलेली एक मात्र कांहीं केल्या पुसत नाहीं. पुढच्या खेपेस अधिक एक, मागचीस उणें एक, ही बेरीज डच गणिती ब्राउवर यांनीं १९१२ च्या सुमारास सर्व मितींसाठीं सिद्ध केली. शंकराची गोष्ट निराळी. तेलंखेडीच्या शिवालयांत भाविक गोमुखापर्यंत जाऊन उलटा फिरतो. त्याची बेरीज शून्य, आणि या शास्त्राच्या मतें तो नंदीजवळ उभा राहता तरी चालतें! शंकराचें मत वेगळें असावें.

आतां दोघे घ्या. वडील रीतीनें एक फेरी घालतात, चिरंजीव खोडीनें उलटी. बेरीज पुन्हां शून्यच. पण येथें एकही खेप पुसत नाहीं. वडिलांच्या फेरीवरून चिरंजिवांच्या फेरीवर जाणारी वाटच नाहीं. परस्परांत विरतात त्या एकाच वर्गांतल्या खेपा, आणि एका वर्गांत येण्यास मध्यें देवळाचा वेढा न पडणारी वाट लागते. असे वर्ग नील्सेन यांनीं १९२७ सालीं स्थिर बिंदूंचे पाडले, हॉप्फ यांनीं १९३० च्या सुमारास अशा खेपांचे. प्रथम वर्ग, मग बेरीज.

वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची कोनशिला १९८८ मध्यें बसली. वरच्या अंगास एकाचें शेत पाण्याखालीं जावयाचें, खालीं दुसऱ्याचें भिजावयाचें. अशा योजनांच्या कागदावर या दोहोंची वजाबाकी होऊन निव्वळ लाभ निघतो. तो लाभ खोटा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पेंच धरणाचें पाणी पिणाऱ्या नागपूरकरांस तें शोभणारही नाहीं. आमचें विचारणें एवढेंच कीं, बुडालेल्या शेतापासून भिजलेल्या शेतापर्यंत वाट कोणती? ज्याची जमीन गेली त्यालाच कालव्याखालीं जमीन मिळाली, तर दोन्ही खेपा एका फेरीवर आल्या. शेजारच्या तालुक्यांतल्या अनोळखी माणसाचें धान पिकलें, तर त्या येत नाहींत.