वाचलेल्याचा हिशेब

कुरआनचा पहिला अवतरलेला शब्द ‘इक्रा’, म्हणजे वाच, पठण कर, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. वाचनाचे महत्त्व सांगताना तो हमखास उच्चारला जातो. पण त्याच ग्रंथातली सर्वांत लांब आयत कशाविषयी आहे, हे फारसे कुणी सांगत नाही. सूरह बकराची ती २८२वी आयत उसनवारीच्या व्यवहाराविषयी आहे. मुदतीचे देणे-घेणे लिहून ठेवावे, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असे तिचे सांगणे आहे. आरंभी वाचण्याची आज्ञा आणि सर्वांत मोठ्या आयतीत उधारीची नोंद! मला या दोन गोष्टी फार लांबच्या वाटत नाहीत. वाचणे हीसुद्धा एक उधारीच आहे. दुसऱ्याने कष्टाने मिळवलेले शहाणपण आपण पुस्तकातून उचलतो. मग ते फेडायचे कसे? अधिक वाचलेल्या माणसावर अधिक जबाबदारी येते, की वाचन हा ज्याचा त्याचा छंद म्हणून सोडून द्यायचा?

इमाम गझालींच्या (१०५८–११११) चरित्रात एक गोष्ट येते. तरुणपणी जुर्जानहून तूस गावी परतताना वाटेत त्यांना दरोडेखोरांनी लुटले. बाकी सारे न्या, पण माझी टिपणे तेवढी परत करा, त्यांत माझे शिक्षण आहे, अशी विनवणी त्यांनी केली. तेव्हा दरोडेखोरांचा म्होरक्या हसला. पिशवी गेली की विद्या जाते, तर तू शिकलास काय, असे त्याने विचारले. गझालींनी पुढची तीन वर्षे ती टिपणे पाठ करण्यात घालवली, असे चरित्रकार सांगतात.

ही गोष्ट आपल्याकडे पाठांतराचे महत्त्व पटवण्यासाठी सांगतात. मला मात्र तिच्यापुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. विद्या पाठ झाली, कीर्ती मिळाली, बगदादच्या निजामिया मदरशाचे मानाचे अध्यापकपद मिळाले. आणि १०९५ साली ते सारे सोडून गझाली निघून गेले. चोराला नेता येणार नाही इतके पाठ झालेलेही आपल्या अंगी बाणलेले असतेच असे नाही, हे त्यांना कळून चुकले होते. नंतर ‘इह्या उलूमुद्दीन’ या ग्रंथात त्यांनी मनाला व्यापारातल्या भागीदाराची उपमा दिली. सकाळी त्याच्याशी अटी ठरवाव्यात, दिवसभर त्याच्यावर नजर ठेवावी आणि रात्री त्याच्याकडून हिशेब घ्यावा. या शेवटच्या पायरीला त्यांनी ‘मुहासबा’ म्हटले आहे. आपला मराठी ‘हिशेब’ त्याच अरबी धातूतून आला आहे. जमा, खर्च, बाकी हे शब्दही अरबीतूनच आपल्या वह्यांत उतरले. आपल्याकडचा बागवान, अत्तार, तांबोळी रात्री दुकान बंद करताना गल्ला मोजतो. त्याला मुहासबा परका नाही. फक्त तो पैशापुरता थांबतो.

आता एक रोजचे उदाहरण घेऊ. सूरह निसाची सातवी आयत सांगते की आईवडिलांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेत पुरुषांचा वाटा आहे आणि स्त्रियांचाही आहे, मग ती मालमत्ता थोडी असो वा फार. अकराव्या आयतीत प्रमाणही दिले आहे. मागे दोन भाऊ आणि एक बहीण असे तिघेच वारस असतील तर पाच भाग होतात. दोन-दोन भावांचे आणि एक बहिणीचा. ही सूरह आपल्या घराघरांत पढली जाते. आणि त्याच घरांतून वडिलांच्या चाळिसाव्यानंतर बहिणीला बोलावून हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली जाते. असे सगळ्याच घरांत घडत नाही. पण आपल्या ओळखीत असे एकही घर नाही, असे म्हणू शकणारे किती निघतील?

यावर ठरलेले उत्तर मिळते, ‘तिने राजीखुशीने सोडले.’ कधी ते खरेही असते. बहिणीला आपला हक्क सोडण्याची मुभा आहेच. पण ‘खुशी’ या शब्दाच्या आत काय दडले आहे, हे कायद्याच्या पुस्तकातून कळत नाही. माहेर तुटेल ही धास्ती, ईदला कुणी न्यायला येणार नाही ही काळजी, वहिनीची बदललेली नजर, हे सारे त्या एका सहीमागे उभे असते. इथे मला कथा-कादंबरीचे मोल कळते. पुष्कळदा लोक विचारतात, धर्मग्रंथ असताना गोष्टी कशाला वाचायच्या? धर्मग्रंथ वाटा सांगतो. चांगली कथा गप्प बसलेल्या माणसाचे मन ऐकायला शिकवते. एक वाचून दुसरे सोडले की ‘राजीखुशी’वर विश्वास ठेवणे फार सोपे होते.

प्रत्येक पुस्तकातून आचरणाचा नियम काढावा, असे मला म्हणायचे नाही. कविता निव्वळ आनंदासाठीही वाचावी. पण वाचनाने हळवे झालेले मन घरातल्या कागदपत्रांपाशी येताच टणक होत असेल, तर त्या हळवेपणाला काय अर्थ उरतो?

लिहिणाऱ्यांनाही हाच प्रश्न आहे. मराठी मुसलमान लेखकाची बरीच शाई बाहेरून येणाऱ्या संशयाला उत्तर देण्यात खर्च होते. ते उत्तर देणे भागच आहे, त्यात कमीपणा नाही. परंतु लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, ही अट उधारीच्या कागदापुरती का मानायची? आपल्यावर झालेला अन्याय लिहिणाऱ्या लेखणीने आपल्या घरात होणारा अन्यायही लिहिला, तर तिच्या पहिल्या शब्दालाही वजन येते.

सुरुवात लहानच असू द्यावी. वारसनोंदीची वेळ आली की बहिणीचा वाटा किती होतो, हे तिला आकड्यात सांगावे. कागद तिला कळणाऱ्या भाषेत असावा. तो चार दिवस तिच्याजवळ ठेवावा, आणि तिने ‘नको’ म्हटले तरी माहेरचे दार उघडेच राहील, हे आधीच बोलून दाखवावे. ‘वाच’ ही आज्ञा तिलाही आहे. तिच्यापुढे ठेवलेला कागद तिने पुरता वाचण्याआधी सहीसाठी पेन पुढे करणाऱ्याने स्वतः किती पुस्तके वाचली, हा प्रश्न मग गौण ठरतो.