मेलेले वानर: कारण की लिंग?

न्यायदर्शन या तर्कपरंपरेने कारण आणि लिंग यांत भेद केला आहे: ज्यामुळे कार्य घडते ते कारण आणि ज्यावरून न दिसणाऱ्या गोष्टीचे अनुमान होते ती खूण म्हणजे लिंग; डोंगरावरचा धूर अग्नी निर्माण करत नाही, तो अग्नी असल्याचे कळवतो. माकडामुळे ताप येतो असे सुचवणाऱ्या ‘माकडताप’ या रोगाच्या नावाने मात्र हा भेद पुसून टाकला आहे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या जंगलात वानरे मरू लागली, तेव्हा या रोगाचा विषाणू प्रथम सापडला; पुढची सुमारे पाच दशके प्रामुख्याने कर्नाटकात राहिलेला हा रोग २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्गात पोहोचला. माणसाला तो होतो गोचिडीच्या, बहुधा खसखशीच्या दाण्याएवढ्या अपूर्ण वाढीच्या गोचिडीच्या चाव्याने. वानराच्या रक्तातून नव्या गोचिडींना विषाणू मिळतो, म्हणून कारणांच्या साखळीतून त्याला पूर्णपणे वगळता येत नाही. तरीही ते आधी बळी आहे, मग दुवा.

वानरात मारुतीचे रूप पाहणारा समाज मेलेल्या वानराला हळदकुंकू वाहून, खांदा देऊन माती देतो. ही भूतदया खरी आहे आणि तिची थट्टा करणे अन्यायाचे ठरेल; परंतु प्राण गेलेल्या देहावरच्या गोचिडी नवा आश्रय शोधत आसपासच्या पाल्यात उतरतात, त्यामुळे भक्तीने पुढे झालेला हातच प्रथम संकटात सापडतो. श्रद्धेची वस्तू न बदलता आचार बदलणे हा येथे धर्मच आहे.

प्रत्येक मृत वानर या रोगानेच मेलेले नसते, म्हणजे नैयायिकांच्या भाषेत हेतू (म्हणजे लिंग) येथे व्यभिचारी, जे सिद्ध करायचे त्या साध्यावाचूनही आढळणारा आहे, आणि निर्णय प्रयोगशाळेतील तपासणीच देऊ शकते. पण न्यायभाष्यकार वात्स्यायनाच्या मते न्यायाची प्रवृत्ती संशयित विषयातच होते. संशय हे निष्क्रियतेचे निमित्त नव्हे. विशेषतः डिसेंबर ते मे या काळात, त्यातही काजूच्या हंगामात, जंगलात वावरलेल्या माणसाला आठवडाभरात एकाएकी तीव्र ताप, डोकेदुखी आणि असह्य अंगदुखी सुरू झाली, तर लगेच माकडतापाचा संशय धरावा, कारण विषाणू रक्तात थेट सापडण्याचे दिवस सुरुवातीचेच असतात. नेमके औषध नसलेल्या या रोगात रुग्णाला वेळेवर मिळालेली देखभाल हाच मोठा आधार असतो. मृत वानराला हात न लावता आरोग्य केंद्राला व वनखात्याला कळवावे, आणि तापाच्या रुग्णाने आपण रानात गेलो होतो हे डॉक्टरांनी विचारण्याआधीच त्यांना सांगावे.