श्रेय आणि श्रेयांक

अमेरिकेंत वाढलेली माझ्या भाचीची मुलगी गेल्या उन्हाळ्यांत कॉलेजांत जाण्याच्या तयारींत होती. एके दिवशीं तिनें मला फोनवरून विचारलें, ‘आजोबा, शाळेंत असतांनाच मी कॅल्क्युलसची परीक्षा उत्तम रीतीनें उत्तीर्ण झालें. कॉलेज म्हणतें, पहिला अभ्यासक्रम गाळून पुढच्या वर्गांत बसलीस तरी चालेल. बाबा म्हणतात, फीचे पैसे वांचतील. आई म्हणते, पाया पक्का कर. तुम्ही काय म्हणतां?’ प्रश्न व्यवहाराचा दिसला. परंतु विचार करूं लागलों तों तो नीतीचा निघाला. म्हणून तो वाचकांपुढें मांडीत आहें.

तिकडील व्यवस्था अशी आहे. ‘कॉलेज बोर्ड’ ही संस्था १९५५ सालापासून ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ या नांवाच्या परीक्षा चालवीत आली आहे. विद्यार्थ्यानें शाळेंतच कॉलेजच्या तोडीचा विषय शिकावा, मे महिन्यांत परीक्षा द्यावी, १ ते ५ यांपैकीं एक अंक मिळवावा, आणि तो पुरेसा मोठा असल्यास कॉलेजनें त्या अभ्यासक्रमाचे श्रेयांक त्याच्या पदरांत टाकावे. कॅल्क्युलसच्या दोन परीक्षांपैकीं ‘बीसी’ ही अधिक व्यापक. तींत ५ अंक मिळविणाऱ्यास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी पहिल्या अभ्यासक्रमाचें श्रेय देते. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी त्याच अंकाबद्दल कोणतेंच श्रेय देत नाहीं. विद्यार्थी तोच, अंक तोच. परंतु पूर्व किनाऱ्यावर त्याची किंमत एक अभ्यासक्रम, आणि पश्चिम किनाऱ्यावर शून्य! यावरून एवढें उघड होतें कीं, श्रेयांक हा ज्ञानाचें माप नसून संस्थेनें देऊं केलेली एक सवलत आहे. सवलत घेण्यांत लबाडी नाहीं. परंतु आपल्याला खरोखर काय येतें, हें ती सांगूं शकत नाहीं.

आईचा उपदेश सर्वमान्य असला तरी तोही तपासून घ्यावयास पाहिजे. त्या परीक्षेंत सीमा काढावयास सांगतात. सीमेची काटेकोर व्याख्या विचारीत नाहींत. हा पाया कच्चा म्हणावा काय? न्यूटन व लाइब्निट्स यांनीं १७ व्या शतकांत हें शास्त्र उभारलें, बिशप बर्कली यानें १७३४ सालीं त्याच्या पायांतील पोकळी दाखविली, आणि ती भरून काढण्याचें काम कोशी व वायरश्ट्रास यांनीं १९ व्या शतकांत केलें. मधल्या काळांत ऑयलरसारख्या पुरुषानें त्या अपुऱ्या पायावरच अपूर्व रचना केली. तेव्हां पाया पक्का असावा हें खरें. पण कोणत्या इमारतीसाठीं, हें आधीं ठरलें पाहिजे. शुद्ध गणिताकडे जाणाऱ्यास ती व्याख्या केव्हां तरी पचविल्यावांचून गत्यंतर नाहीं. पूल बांधूं इच्छिणाऱ्याचें पुष्कळ काळ तिच्यावांचून अडत नाहीं.

हें सर्व मी तिला सांगत असतां ती थोडा वेळ गप्प राहिली, आणि मग म्हणाली, ‘खरें सांगूं? मला तोच वर्ग पुन्हां करावासा वाटतो, तो पायासाठीं नव्हे. तेथें मला ‘ए’ श्रेणी नक्की मिळेल, आणि पुढें मेडिकलला जावयाचें झालें तर ती उपयोगी पडेल.’

या कबुलीनें प्रश्नाचें रूपच पालटलें. कठोपनिषदांत यम नचिकेत्याला सांगतो कीं, श्रेय आणि प्रेय हीं दोन्ही मनुष्यापुढें येतात व विवेकी पुरुष त्यांतून निवड करतो. आपण समजतों कीं, अवघड दिसेल तें श्रेय आणि सोपें दिसेल तें प्रेय. येथें तसें नाहीं. अभ्यासक्रम गाळणाऱ्याला पुढें गेल्याचा अभिमान मोहवितो. पुन्हां करणाऱ्याला निश्चित यशाची ऊब मोहविते, आणि ती तर नम्रतेचा वेष घेऊन येते. शिवाय त्या वर्गांत तो विषय प्रथमच पाहणारीं मुलें बसलेलीं असतात. जेथें श्रेणी परस्परांच्या तुलनेनें ठरते, तेथें आधींच शिकून आलेल्याची सुखाची ‘ए’ त्यांच्यापैकीं एखाद्याला महाग पडते. अशा वेळीं पायाचें नांव पुढें करणें ही आत्मवंचना होय.

मग निवड कशी करावी? मी तिला म्हटलें, ‘अंक बाजूला ठेव. त्या कॉलेजच्या पहिल्या अभ्यासक्रमाची जुनी प्रश्नपत्रिका मिळव, दार लावून घे, आणि पुस्तक व यंत्र दोन्ही दूर ठेवून ती सोडीव. नंतर तुझ्या धाकट्या भावाला समजावून सांग कीं, गुणाकाराचें विकलन हें दोन विकलनांचा गुणाकार कां नसतें. लाइब्निट्सलाही १६७५ सालीं हा प्रश्न पडला होता, तेव्हां अडखळलीस तर लाजूं नकोस. सूत्र आठवणें निराळें, आणि सूत्र विसरल्यास तें पुन्हां उभें करतां येणें निराळें. दुसरें येत असेल तर तो वर्ग तुझा होऊन गेला आहे. पहिलेंच येत असेल तर ५ अंक असूनही तो व्हावयाचा आहे.’

आठ दिवसांनीं तिचा फोन आला. प्रश्नपत्रिका बहुतेक सुटली होती. अनंत श्रेढींच्या ठिकाणीं मात्र रीत आठवत होती आणि कारण आठवत नव्हतें. तिनें उरलेला उन्हाळा त्या एका प्रकरणाला देण्याचें आणि पुढच्या वर्गांत बसण्याचें ठरविलें. हातची ‘ए’ तिनें सोडली, आणि पुढच्या वर्गांत ती मिळेल याची हमी कोणीच देऊं शकत नाहीं. प्रश्नपत्रिका सुटली नसती तर ‘खालच्याच वर्गांत बस, बाबांचे पैसे खर्च झाले तरी चालतील’ असें मी तितक्याच निश्चयानें सांगितलें असतें.