सब्र कोणाशी?

सब्र हा शब्द आपल्या घरांतून फार स्वस्त झाला आहे. नोकरी मिळत नाही, सब्र करा. नवरा मारतो, सब्र कर. दावा वीस वर्षे कोर्टात पडून आहे, सब्र करा. जिथे काही करता येत नाही, किंवा कोणी करू देत नाही, तिथे गप्प बसण्याला आपण हे थोर नाव देतो. पण ज्याच्यापुढे पर्यायच नाही, त्याच्या थांबण्यात सवाब कसला?

अमेरिकेत मुलाकडे गेलो असताना वायोमिंग राज्यात हा प्रश्न आमच्यापुढे प्रत्यक्ष उभा राहिला. आम्ही आरव्हीतून, म्हणजे चाकांवरच्या घरातून, प्रवास करीत होतो. तिथल्या इंटरस्टेट ८० या महामार्गाचा लॅरमी ते वॉल्कॉट जंक्शन हा सुमारे १२५ किलोमीटरचा टप्पा १९७० साली खुला झाला. जुना रस्ता एल्क पर्वताला उत्तरेकडून लांब वळसा घालून जाई. नवा रस्ता जवळचा म्हणून पर्वताशेजारून नेला. इथला वारा आणि बर्फ हिवाळ्यात वाहतूक चालू देणार नाहीत, असे स्थानिक लोक सांगत होते. ते खरे ठरले. आजही हिवाळ्यात हा रस्ता वरचेवर बंद होतो. रेल्वेच्या फाटकासारखे फाटक आडवे येते आणि गाड्या गावात अडकतात. बर्फ पडायचा थांबला तरी वारा तोच बर्फ जमिनीवरून उडवीत राहतो. उंच आणि हलकी आरव्ही अशा वाऱ्यात उलटू शकते, म्हणून इतरांना वाट मोकळी झाली तरी तिला कधीकधी थांबवून ठेवतात.

लॅरमीत आम्ही दोन रात्री थांबलो. पाण्याचे नळ गोठू नयेत, गॅस पुरावा, जनरेटरच्या धुराची वाट बर्फाने बुजू नये, एवढीच काळजी होती. बाकी अंथरूण होते, चहा होता, नमाजेला जागा होती. शेजारच्या ट्रकचा चालक मात्र बेचैन होता. लांब पल्ल्याच्या बऱ्याच चालकांना तिथे मैलांच्या हिशेबाने पैसे मिळतात. चाक फिरले नाही तर कमाई नाही. बर्फ दोघांवर सारखाच पडत होता, थांबण्याची किंमत सारखी नव्हती. मग सब्र कोणाचा म्हणायचा?

आपल्या परंपरेत अडकलेल्या मुसाफिराचा बारकाईने विचार झाला आहे. हजरत इब्ने उमर आझरबैजानात बर्फामुळे सहा महिने अडकून पडले आणि त्या काळात मुसाफिराची कसर नमाजच पढत राहिले, असे सांगितले जाते. हनफी फकीह म्हणतात, पंधरा दिवस मुक्कामाची नियत केली तर माणूस मुकीम होतो. पण आज निघू, उद्या निघू असे म्हणत कितीही दिवस गेले तरी तो मुसाफिरच. म्हणजे अडकणे हा मुक्काम नव्हे, प्रवासाचाच भाग आहे.

कुरआनाने तर जकातीच्या आठ हक्कदारांत वाटसरूलाही जागा दिली आहे. घरी तो सधन असला तरी वाटेत अडचणीत सापडला तर त्याचा हक्क मानला जातो. त्याने मनाला काय समजवावे, एवढ्यावर हा विचार थांबत नाही. भोवतालच्यांनी त्याचे काय देणे आहे, हेही तो विचारतो.

आम्हाला वाटते, सब्राचा अर्थ इथे शोधावा. बर्फाशी सब्र करता येत नाही. त्याला आपली पर्वा नसते. सब्र माणसांशी करायचा असतो. फाटक चुकवून निघालेला घाईखोर आपल्याबरोबर त्याला शोधायला जाणाऱ्यांचाही जीव टांगणीला लावतो. म्हणून थांबणे ही इतरांची अमानत सांभाळणे आहे. आणि ज्याला थांबणे परवडते, त्याने शेजाऱ्याचे थांबणे थोडे हलके करावे, गरम जेवण द्यावे, घरी फोन लावून द्यावा, हा त्याच्या सब्राचा दुसरा हिस्सा आहे.

हाच हिशेब आपल्या घरांना लावून पाहावा. मार खाणाऱ्या बाईला सब्र सांगणारे आपण गरम खोलीत बसलेलो असतो. फाटक बर्फाने बंद केलेले नसते, माणसांनी केलेले असते, आणि ते उघडणेही माणसांच्याच हाती असते. तिथे सब्राचा उपदेश करणे म्हणजे आपल्या सोयीचा खर्च तिच्या नावावर लिहिणे होय.